भोक आहे का बघा: स्टूप आणि पिसिना

इंग्लंडमधल्या खेड्यातलं एखादं मध्ययुगीन चर्च बघताना भिंतीत, साधारण कमरेच्या उंचीला, टोकदार कमानीचा छोटासा कोनाडा दिसतो. आपल्या जुन्या घरांतल्या दिवळीपेक्षा थोडा मोठा. तळाशी उथळ दगडी वाटी. असे कोनाडे दोन निरनिराळ्या जागी सापडतात आणि बघणारे दोन्हींना सरसकट ‘पवित्र पाण्याचं भांडं’ म्हणतात. हे नाव शोभतं एकालाच.

तो म्हणजे स्टूप. जागा दारापाशी: बाहेर पोर्चमध्ये, नाहीतर आत शिरताच उजव्या हाताला. मीठ घालून आशीर्वाद दिलेलं पाणी त्यात असायचं. बोटं बुडवायची, क्रुसाची खूण करायची आणि पुढे जायचं. वसईत किंवा गोव्यात चर्चमध्ये गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पिसिना मात्र वेदीजवळ, चर्चच्या पूर्व टोकाला, बहुतेकदा दक्षिण भिंतीत. तिच्या वाटीत बोट फिरवा, भोक लागेल. काही वाट्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या कोरलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध हे भोक. मिस्सेच्या (भाकर आणि वाइन अर्पण करण्याच्या उपासनेच्या) वेळी धर्मगुरूने हात धुतलेलं, प्याला विसळलेलं पाणी इथे ओतत. प्याल्यातली वाइन म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, अशी श्रद्धा. पाण्यात त्या रक्ताचा थेंब उरला असेल, तर तो कुणाच्या पायदळी येता कामा नये. म्हणून ते पाणी भिंतीतूनच खालच्या पवित्र जमिनीत मुरवायची सोय. स्टूपमध्ये पाणी साठवायचं, त्यामुळे त्याला सहसा भोक नसतं.

तेराव्या शतकात काही ठिकाणी शेजारी-शेजारी दोन वाट्या करू लागले, एक हातांसाठी, एक प्याल्यासाठी. केंब्रिजच्या जीझस कॉलेजच्या चॅपलमध्ये (मुळात हे जोगिणींच्या मठाचं चर्च) अशी जोड-पिसिना आहे, एकमेकींत गुंतलेल्या कमानींची. पुढे प्याल्याचं विसळलेलं पाणी धर्मगुरू स्वतःच पिऊ लागले आणि दुसऱ्या वाटीचं कामच संपलं.

इंग्लंडचा प्रॉटेस्टंट राजा सहाव्या एडवर्डच्या काळात (१५४७ ते १५५३) पवित्र पाण्याची प्रथा बंद पडली, दगडी वेद्या काढायला लावल्या. स्टूपची वाटी बऱ्याचदा भिंतीबाहेर डोकावणारी, ती फोडणं सोपं. आज अनेक ठिकाणी तिचा तुटका काठच उरलाय. पिसिना भिंतीच्या आत असल्याने जास्त वाचल्या.

मला पिसिनाच जास्त आवडते, कारण ती चहाडी करते. बाजूच्या आइलच्या (मुख्य दालनाला लागून असलेल्या पट्ट्याच्या) टोकाला आज खुर्च्यांची चळत असेल, पण भिंतीत पिसिना असेल तर एकेकाळी तिथे वेदी होती. फरशी नंतरच्या काळात उंचावलेली असेल, तर पिसिना पार गुडघ्यापाशी दिसते. आणि क्वचित कुठे ती भिंतीत इतकी उंच असते, की शिडीशिवाय हात पोचणार नाही. तिथे कधीकाळी क्रुसासमोरचा लाकडी माळा होता आणि त्या माळ्यावरही एक वेदी होती.