सिरसिल्लाची ‘सेस’, श्रीरामपूरची मुळा-प्रवरा आणि सोलापूरचं लाईट बिल

सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणात पाहुणे नसलेलं पद्मशाली घर शोधून सापडायचं नाही. लग्नसराईत तिकडची मंडळी आली की जेवणानंतर गप्पा मागांवर येतात, मागांवरून सुताच्या भावावर आणि तिथून हमखास लाईट बिलावर. अशाच एका बैठकीत सिरसिल्लाहून आलेले एक पाहुणे म्हणाले, “आमच्याकडं लाईट सेसची आहे.” समोरच्या कारखानदारानं लगेच विचारलं, “किती टक्के?”

त्याची चूक नव्हती. आपल्याकडे सेस म्हणजे उपकर. बाजार समितीत तो भरावा लागतो, आणि आणखी एक बसवला म्हणून कुणाला नवल वाटत नाही. सिरसिल्लाची ‘सेस’ मात्र कर नाही, ती संस्था आहे. ‘को-ऑपरेटिव्ह इलेक्ट्रिक सप्लाय सोसायटी’ या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं. त्या भागात घरात, शेतात आणि मागावर येणारी वीज ही सहकारी संस्था देते, आणि तिचे मालक म्हणजे तिचेच ग्राहक. १९७० साली सुरू झालेली ही संस्था आजही चालू आहे.

सोलापूरकराला सहकार शिकवायला नको. साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, पतसंस्था तर आहेतच. पूर्व भागात मार्कंडेय सहकारी रुग्णालय आहे, म्हणजे ऑपरेशन थिएटरसुद्धा सहकारी. कुंभारीच्या माळावर विडी कामगार महिलांनी सहकारी सोसायट्या करून आधी दहा हजार घरं उभी केली, नंतर रे नगरच्या तीस हजार घरांचं काम हाती घेतलं. त्यातल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. दूध, साखर, सूत, दवाखाना, घर, सगळ्यात शेअर घेतलेल्या या गावानं विजेत मात्र कधी शेअर घेतला नाही. त्याचं कारण शोधायचं तर १९६९ सालापर्यंत मागं जावं लागतं, आणि थोडं अमेरिकेपर्यंतही.

सहकारी विजेचं मूळ अमेरिकेतलं आहे. १९३५ च्या सुमारास तिथल्या शहरांत दिवे लखलखत होते, पण शेतकऱ्यांच्या घरांपैकी जेमतेम दहांतल्या एका घरात वीज होती. खासगी कंपन्यांचा हिशेब सरळ होता: मैलभर तार ओढायची आणि त्यावर दोन-तीन ग्राहक, परवडत नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या वर्षी ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळं खातं काढलं, पुढच्या वर्षी कायदा आला आणि सरकारनं स्वस्त कर्ज देऊ केलं. कंपन्यांनी पाठ फिरवली तेव्हा ते कर्ज उचललं शेतकऱ्यांनीच काढलेल्या सोसायट्यांनी. आज तिथं अशा सुमारे नऊशे संस्था चार कोटींहून जास्त लोकांना वीज देतात. त्यांची एक रीत मोठी लक्षात राहण्याजोगी आहे. वर्षअखेर शिल्लक राहिलेली रक्कम ज्यानं जितकी वीज वापरली त्या प्रमाणात सभासदाच्या नावावर जमा होते, काही वर्षं संस्थेचं भांडवल म्हणून वापरली जाते आणि मग परत मिळते. आपल्या साखर कारखान्यात उसाच्या बिलातून ठेवी कापून घेतात, तसंच काहीसं. परत मिळण्याचा भाग तिथं जास्त नेमानं होतो, एवढाच फरक.

या सोसायट्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे तज्ज्ञ साठच्या दशकात अमेरिकी सरकारच्या मदत खात्यामार्फत भारतात आले. तो काळ दुष्काळाचा आणि हरितक्रांतीच्या उंबरठ्याचा. विहिरीवर पंप बसल्याशिवाय संकरित बियाणं चालणार नव्हतं, आणि पंपाला वीज हवी होती. वेंकटप्पय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रामीण पतपुरवठा समितीनं गावोगावच्या विजेसाठी स्वतंत्र वित्तसंस्था काढण्याची शिफारस केली आणि जुलै १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं. त्याच्या पैशातून देशात प्रयोग म्हणून पाच सहकारी वीज संस्था निघाल्या: गुजरातेत कोडीनार, उत्तर प्रदेशात लखनौ, कर्नाटकात बेळगावजवळचं हुक्केरी, त्या वेळच्या आंध्रातलं सिरसिल्ला आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा.

सोलापूरकराच्या दृष्टीनं या पाचांतली तीन नावं घरची आहेत. हुक्केरी म्हणजे संकेश्वर-निपाणीच्या वाटेवरचं, मराठी कानाला सवयीचं गाव. सिरसिल्ला पाहुण्यांचं. आणि मुळा-प्रवरा दौंड-मनमाड लाईनवरच्या श्रीरामपूरची. सोलापूर जिल्हा त्या यादीत का नव्हता, याचं उत्तर माझ्या मते नकाशातच आहे. योजना खेड्यांसाठी होती, गिरण्यांच्या शहरासाठी नाही. आणि ग्रामीण सोलापूर त्या वेळी ज्वारीचा मुलूख होता. नीरेच्या कालव्यावरचा माळशिरसचा पट्टा सोडला तर पाणीच नव्हतं. उजनी पूर्ण झालं १९८० मध्ये. पंप नाही तर विजेला गिऱ्हाईक नाही. प्रवरेकाठी मात्र भंडारदऱ्याचं पाणी १९२६ पासून होतं, लोणीचा सहकारी साखर कारखाना होता, आणि सभासद होणं म्हणजे काय हे लोकांना ठाऊक होतं. तिथं संस्था निघणं साहजिक होतं.

अशी संस्था चालते कशी, ते एकदा नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. संस्था स्वतः वीज तयार करत नाही. ती वीज मंडळाकडून ठोक भावानं घेते. उपकेंद्राच्या पुढच्या तारा, खांब, डीपी, मीटर, वायरमन हे सगळं तिचं. बिल ती काढते, वसुली ती करते. ग्राहक शेअर घेऊन सभासद होतो, सभासद संचालक निवडतात, वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो आणि त्यावर भांडणंही होतात. इथपर्यंत दूध संघासारखंच. पण दूध संघ दुधाचा भाव स्वतः ठरवतो. वीज संस्था किरकोळ विक्रीचा दर ठरवू शकत नाही. पूर्वी तो सरकार आणि मंडळ ठरवायचं, आता वीज नियामक आयोग ठरवतो. ठोक खरेदीचा दरही तिच्या हातात नाही. म्हणजे किती रुपयाला घ्यायचं हे दुसरा सांगणार, किती रुपयाला विकायचं हेही दुसराच सांगणार, आणि मधल्या जागेत लाईनमनचा पगार, तारांची गळती आणि थकलेली बिलं बसवायची. किराणा दुकानदारसुद्धा असा धंदा करणार नाही.

मंडळाला हे परवडायचं ते वेगळ्या कारणानं. त्याच्याकडे मुंबईच्या आसपासचे आणि पुण्याकडचे मोठे कारखाने होते. कारखान्याकडून जास्त घ्यायचं आणि पंपाला कमी दरात द्यायचं, हा सगळ्या राज्याचा हिशेब. मुळा-प्रवराच्या वाट्याला मात्र श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, नेवासे भागातली गावं आली, आणि त्यात पंप मोठ्या संख्येनं. पंपाचं बिल मीटरवर नाही तर अश्वशक्तीवर. पाच अश्वशक्तीची मोटार दिवसभर चालली काय आणि तासभर चालली काय, बिल तेवढंच. आणि मोटार पाचाची लिहून साडेसातची बसवणारे सगळ्याच तालुक्यांत होते, तिथंही असणार. शिवाय संचालक गावचाच. ज्याच्या मतावर तो निवडून आला त्याच्या विहिरीचं कनेक्शन तोडायला तो वायरमनला पाठवेल, ही अपेक्षा कागदावरच चांगली दिसते.

तरी सुरुवातीच्या वर्षांत या संस्थेनं गावं उजळली हे विसरून चालणार नाही. डीपी जळाला तर तक्रार करायला जिल्ह्याच्या गावी जायला नको, तालुक्यातच आपल्या ओळखीचं ऑफिस; वायरमन शेजारच्या वाडीचा, त्याला रात्री घरी जाऊन उठवता यायचं. सहकारी विजेचा ग्राहकाला खरा फायदा काय, तर हा. दर कमी मिळतो अशी पुष्कळांची समजूत असते, पण तो मुळात तिच्या हातातच नसतो.

मंडळाचं देणं वाढत गेलं. संस्था म्हणायची ठोक दरच चुकीचा लावलाय, मंडळ म्हणायचं वसुली करा. २००३ चा वीज कायदा आला, जून २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, आणि आधी एका सरकारी मंडळाचं असलेलं देणं आता एका कंपनीची थकबाकी झालं. महावितरणचा दावा दोन हजार कोटींच्या वर गेला. २०११ च्या जानेवारीअखेर संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि फेब्रुवारीपासून तिचे सुमारे दीड लाख ग्राहक महावितरणचे झाले. खांब आणि तारा कुणाच्या, त्यांचं भाडं कुणी द्यायचं, यावर पुढे कज्जे चालले. महाराष्ट्रातल्या सहकारी वीजवाटपाची गोष्ट तिथं थांबली. त्यानंतर ‘सहकारी वीज’ म्हटलं की मंत्रालयापासून पारापर्यंत सगळे मुळा-प्रवराचं नाव घेतात आणि विषय मिटवतात.

मग तीच पद्धत, तोच काळ, तरी सिरसिल्लाची सेस टिकली कशी? तेलंगणातली माणसं आपल्यापेक्षा प्रामाणिक म्हणून, असं पाहुण्यांसमोर म्हणायला ठीक आहे. खरं कारण रुक्ष आहे. तिकडच्या आयोगाच्या दरपत्रकात अशा संस्थांसाठी ठोक खरेदीचा वेगळा दर ठेवला जातो. म्हणजे पंपाच्या सवलतीचा बोजा संस्थेवर एकटीवर न पडता राज्याच्या हिशेबात जातो. २०१८ च्या सुरुवातीपासून तेलंगणानं शेतीला चोवीस तास मोफत वीज दिली, तेव्हाही पैसे भरायचे होते सरकारनं. महाराष्ट्रात हे वर्षानुवर्षं वादात राहिलं, तिकडं ते दरपत्रकात बसलं. दुसरं कारण माग. सिरसिल्ला हे यंत्रमागाचं गाव. दिवसरात्र चालणारा, नेमानं बिल भरणारा ग्राहक संस्थेच्या हद्दीतच आहे.

अर्थात तिकडं सगळं आलबेल आहे असं नाही. मागांना सवलतीचा दर द्यायचा, तर सरकारकडून त्याची भरपाई वेळेवर यायला हवी; ती आली नाही की संस्थेचा जीव टांगणीला. कुठल्या मागाला सवलत आणि कुठल्या मागाला कारखान्याचा दर, यावरून मागील वर्षांची वसुली निघाली तेव्हा माग चालवणारे आणि त्यांचीच संस्था समोरासमोर आले. राजकारणाचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२२ मध्ये संचालकांची निवडणूक झाली तेव्हा राज्यातले पक्ष विधानसभेसारखे उतरले होते. आपल्याकडे बाजार समितीची निवडणूक पाहिलेल्याला यात नवं काही वाटणार नाही.

महाराष्ट्रानं यंत्रमागाच्या गावासाठी दुसरा रस्ता धरला. भिवंडीत गळती आणि थकबाकी हाताबाहेर गेली तेव्हा जानेवारी २००७ मध्ये वितरण एका खासगी कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिलं. वसुली सुधारली, गळती उतरली, आणि बिलांबद्दल तक्रारीही वाढल्या. औरंगाबाद, नागपूर, जळगाव इथं तोच प्रयोग नंतर केला, तो टिकला नाही. सोलापूरला दोन्हींपैकी काहीच आलं नाही. इथला माग महावितरणवरच राहिला.

गंमत अशी की विजेच्या नकाशावर सोलापूर आडबाजूला मुळीच नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, उरलेल्या देशाच्या ग्रीडला जोडलं गेलं. सगळ्या देशाची एक तार झाली ती सोलापुरात. शहराच्या दक्षिणेला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. उजनीवर १२ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे, आणि जिल्ह्यातले साखर कारखाने बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जाळून वीज विकतात. त्या कारखान्यांतले कितीतरी सहकारी आहेत. म्हणजे वीज विकणारा सहकार सोलापुरात आहे. विकत घेणाऱ्यांचा नाही.

आता जी दारं उघडी आहेत तीही विकण्याचीच आहेत. २०१६ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्था काढली. ओलितातून उरलेली वीज ती वीज कंपनीला विकू लागली. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कुसुम या सौर योजनेत सहकारी संस्था, शेतकरी गट आणि ग्रामपंचायतींना उपकेंद्राजवळच्या पडीक जमिनीवर अर्धा ते दोन मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायची मुभा मिळाली. मंगळवेढा-सांगोल्याच्या उन्हाला याहून चांगलं गिऱ्हाईक कोणतं! पण त्यात सभासद होतो तो जमीनवाला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आठ टॉवेलचे माग चालवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याचं बिल महावितरणचंच येतं, आणि सवलत किती मिळायची ते त्याचा जोडभार, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची एकूण ताकद, २७ अश्वशक्तीच्या आत आहे की बाहेर, यावर ठरतं.