बंदी वेगळी, खाडाखोड वेगळी

'चर्चने पुस्तकावर बंदी घातली' हे वाक्य आता मला वाचवत नाही. आत्मा मर्त्य की अमर, या वादात सापडलेल्या सोळाव्या शतकातल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागे ते चिकटवलेलं असतंच.

सरसकट बंदी सगळ्यांना माहीत आहे. इटालियन तत्त्वज्ञ जिओर्दानो ब्रुनोला १६०० साली रोममध्ये जिवंत जाळलं, त्याची झाडून सगळी पुस्तकं निषिद्ध ठरली. विषय संपला. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं धर्मन्यायालय, म्हटलं की आपल्याला गोवं आठवतं, पण ते पोर्तुगालचं. रोम, स्पेन, पोर्तुगाल, तिघांच्या निषिद्ध पुस्तकांच्या याद्या निरनिराळ्या.

घोळ होतो तो यादीतल्या एका शेऱ्यापाशी: 'दुरुस्ती होईपर्यंत'. म्हणजे पुस्तक मेलेलं नाही, त्यातला नेमका मजकूर काढा आणि मग वाचा. रोमने १५९६ मध्ये इटालियन तत्त्वज्ञ तेलेसिओच्या ग्रंथाला असाच शेरा मारला. माणसातलं जाणणारं तत्त्व बीजातून आलेलं सूक्ष्म द्रव्य आहे, आणि देवाने दिलेला आत्मा त्यावर वेगळा, असं त्याचं म्हणणं. लेखक १५८८ मध्येच वारलेला, त्यामुळे दुरुस्ती करणार कोण? घोंगडं भिजत पडलं. अशा ठिकाणी 'बंदी' म्हटलं तर मी फारसा भांडणार नाही.

पण स्पेनमधला वैद्य हुआन हुआर्ते बघा. त्याचं पुस्तक १५७५ मध्ये बाएसा गावी छापलं गेलं. कुणाला कोणती विद्या झेपेल हे मेंदूच्या प्रकृतीवरून ओळखायचं: ओलाव्याने स्मरण, कोरडेपणाने आकलन, उष्णतेने कल्पना. इथेच पाचर बसली. आकलनालाही मेंदू लागतो, तर मेंदू कुजल्यावर आत्म्याचं काय? पोर्तुगालने १५८१ मध्ये बंदी घातली. स्पेनने १५८४ मध्ये काय काय खोडायचं याची यादीच छापली.

ही खाडाखोड अक्षरशः हाताने व्हायची. यादी उघडायची, जुन्या प्रतीतली ओळ शोधायची, शाईने गिरगटून टाकायची, मोठा मजकूर असेल तर वर कागद डकवायचा. मग सुरुवातीच्या पानावर खोडणाऱ्याची सही. त्या शाईत लोह असे. कालांतराने ती कागद खाते आणि काही प्रतींत ओळीच्या जागी नुसती भोकं उरतात. यादी मात्र छापील आणि शाबूत, त्यामुळे पुस्तकातलं खमंग नेमकं कुठे आहे ते तिच्यातच सापडतं!

हुआर्तेच्या पश्चात १५९४ मध्ये बाएसालाच सुधारलेली आवृत्ती निघाली. सातवं प्रकरण गायब. त्यात काय होतं? आत्म्याला मेंदूची प्रकृती लागते म्हणून तो नाशवंत ठरत नाही, हेच! फक्त त्याची खात्री श्रद्धाच देते, मानवी तर्क नव्हे, असं वैद्यबुवांनी लिहून ठेवलं होतं.

त्याच १५९४ साली लंडनला इंग्रजी भाषांतर आलं, तेही जुन्या आवृत्तीवरून केलेल्या इटालियन भाषांतरावरून. सातव्या प्रकरणासकट.