लढाऊ शिरस्त्राणांची पारख : पोलादी आणि संमिश्र

युद्धात किंवा सशस्त्र कारवाईत डोक्यावर घालायचे, किरचा (स्फोटातून उडणारे धातूचे तुकडे) व गोळ्या अडवण्यासाठी बनवलेले संरक्षक टोप. ग्रंथांत शिरस्त्राण, बोलण्यात हेल्मेट. पहिल्या महायुद्धापासून १९८० च्या दशकापर्यंत ते बहुतेक पोलादी असे. पुढे त्याची जागा धाग्यांचे थर राळेत दाबून घडवलेल्या संमिश्र कवचाने घेतली. ‘यांतले चांगले कोणते?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो, पण डोके कशापासून वाचवायचे आहे हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हेल्मेट मुळात गोळीसाठी जन्मलेच नाही, हा मुद्दा नेहमी निसटतो. १९१५ साली खंदकांत बसलेल्या सैनिकांच्या डोक्यावर वरून तोफगोळ्यांचे छर्रे आणि किरचा बरसत होत्या. फ्रान्सने त्या वर्षी जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे एड्रियन हेल्मेट आणले. ब्रिटनमध्ये जॉन लिओपोल्ड ब्रॉडी यांनी एकाच पत्र्यातून दाबून काढलेला, रुंद काठाचा, पालथ्या परातीसारखा टोप केला. परातीचा आकार वरून येणाऱ्या माऱ्यासाठी योग्यच होता. कान आणि मान मात्र उघडीच राहत. जर्मन फ्रीडरिख श्वेर्ड यांनी १९१६ च्या टोपात ती उणीव भरून काढली. याच टोपाच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारखे खुंट होते. पहारेकऱ्याने कपाळासमोर जाड पोलादी पाटी अडकवावी, तर ती या खुंटांवर बसे. रायफलची गोळी अडवायची तर केवढे वजन मानेवर घ्यावे लागते, हे त्या पाटीने दाखवून दिले. ती फारशी कोणी वापरली नाही.

पोलाद मार कसा झेलते? ब्रॉडी टोपाला लवकरच हॅडफील्ड पोलाद वापरू लागले. त्यात सुमारे १२ टक्के मँगनीज असते. हे पोलाद चिवट असते आणि मार बसेल तिथे आणखी कठीण होत जाते. किरच आदळली की पत्रा तुकडे होऊन फुटत नाही, आत दबतो आणि त्याला पोचा पडतो. तिरका मार घसरून जातो. १९४१ च्या अमेरिकी एम-१ टोपातही हेच पोलाद होते, जाडी साधारण एक मिलिमीटर. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच की .४५ पिस्तुलाची जड, संथ गोळी सेकंदाला सुमारे २४४ मीटर वेगाने आली तर ती अडावी.

संमिश्र कवचाची रीत निराळी. १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून केवलार हा अरामिड जातीचा बळकट कृत्रिम धागा पुढे आला. त्याच्या कापडाचे थर राळेत भिजवून साच्यात दाबले की कवच तयार होते. तुकडा आत शिरताना धागे ताणले जातात, काही तुटतात, थर एकमेकांपासून सुटतात. या सगळ्या कामात त्याची ऊर्जा खर्च होते. पोलाद तुकड्याला परतवते, केवलार त्याला पोटात घेते. अमेरिकेच्या १९ थरांच्या ‘पासगट’ टोपाची पहिली लढाई १९८३ ची ग्रेनाडातली. नंतर ब्रिटनने नायलॉनचे, जर्मनीने अरामिडचे टोप घेतले. अलीकडे केवलारच्या जोडीला अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन हे प्लास्टिक आले आहे. त्याची घनता पाण्याहूनही कमी, पोलादाची पाण्याच्या जवळजवळ आठपट.

यावरून ‘संमिश्र म्हणजे हलके’ असे समीकरण रूढ झाले. ते सरसकट खरे नाही. आतल्या टोपासह एम-१ चे वजन सुमारे १.३ किलो होते, तर पासगट आकारानुसार १.४ पासून १.९ किलोपर्यंत जाई. नव्या साहित्यातून मिळालेला फायदा वजन घटवण्यावर खर्च झाला नाही. कान आणि मानेपर्यंत जास्त डोके झाकण्यावर आणि जास्त वेगाच्या किरचा अडवण्यावर तो लावला गेला. खरोखर हलके टोप नंतरच्या पिढीत आले, तेही काही वेळा कानाजवळची कड छाटून.

चाचणीतला मुख्य आकडा ‘व्ही-५०’. १.१ ग्रॅमचा, छिन्नीसारख्या टोकाचा पोलादी तुकडा बंदुकीतून वेगवेगळ्या वेगांनी कवचावर मारतात. मागे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा ठेवलेला असतो. त्याला भोक पडून उजेड दिसला की तुकडा आरपार गेला असे धरतात. ज्या वेगाला आरपार जाण्याची शक्यता निम्मी, तो व्ही-५०. पासगटसाठी तो सेकंदाला सुमारे ६१० मीटर होता. किरचांच्या बाबतीत सारख्या वजनाचे संमिश्र कवच पोलादाला मागे टाकते, यात वाद उरलेला नाही. मात्र व्ही-५० हा हमीचा वेग नव्हे. त्या वेगाला दोनांतला एक तुकडा आत येतो, हे जाहिरातीत कोणी छापत नाही.

पिस्तुलाच्या गोळीची परीक्षा वेगळी. अमेरिकी लष्कराने २००० नंतर स्वीकारलेल्या टोपावर ८ ग्रॅमची ९ मिलिमीटर गोळी सेकंदाला सुमारे ४२७ मीटर वेगाने मारतात. एम-१ कडून अपेक्षित माऱ्यापेक्षा ही ऊर्जा दीडपटीहून जास्त. गोळी अडणे पुरेसे नसते, कारण कवच आतल्या बाजूला फुगते आणि तो फुगवटा कवटीवर आदळू शकतो. म्हणून डोक्याच्या साच्यात चिकणमाती भरून खळगा किती खोल पडला ते मोजतात: पुढे-मागे २५.४ मिलिमीटर, बाजूंना आणि माथ्यावर १६ मिलिमीटरपर्यंत चालतो. पॉलिएथिलीन किरचा उत्तम अडवते, पण फुगवट्यात अडचणीत येते. आतल्या गाद्या आणि डोके-कवच यांमधली पोकळी म्हणूनच कवचाइतकीच महत्त्वाची. दुकानदार संरक्षणाची ‘३-ए पातळी’ सांगतात, ती पातळी मुळात अंगावरच्या जाकिटांच्या मानकातली आहे. अमेरिकेच्या १९८१ च्या हेल्मेट-मानकात ती नाहीच.

स्फोटाच्या दाबलाटेपुढे हिशेब पुन्हा बदलतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये पहिल्या महायुद्धातले तीन टोप आणि आजचा टोप नमुना-डोक्यावर चढवून वरून दाबलाट सोडली. जुने टोप आजच्याच्या तोडीस तोड ठरले, आणि माथ्यावरचा दाब कमी करण्यात फ्रेंच एड्रियन सर्वांत सरस. माथ्यावरच्या उंचवट्याने लाट बाजूला वळली असावी, असा त्यांचा अंदाज. म्हणून कोणी एड्रियन घालून रणात जावे असे नाही. किरचा अडवण्यात तो आजच्या टोपाच्या जवळपासही येत नाही.

वापरात पोलादाची बाजू पुन्हा वर येते. एम-१ टोप सैनिक दाढीच्या पाण्यासाठी, खड्डा उकरण्यासाठी, बसायला वापरत. विस्तवावर ठेवला तर पोलादाचा कस बिघडतो हे बजावावे लागे. पोलादाला पोचा, तडा, गंज दिसतो, डोळ्यांना कळते. संमिश्र टोप आपटला की आत पदर सुटतात आणि वरचा रंग शाबूत दिसतो. तपासणारे नाण्याने टकटक करत फिरतात: धड जागी आवाज खणखणीत, पदर सुटल्या जागी बद्द. अरामिडला ऊन बाधते, पॉलिएथिलीनला उष्णता. ते १५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. गोळी लागलेला संमिश्र टोप पुन्हा वापरत नाहीत. स्वस्त, टिकाऊ पोलादी टोप म्हणूनच गोदामांत तग धरून राहिले; युक्रेन युद्धात २०२२ मध्ये १९६८ च्या नमुन्याचे सोव्हिएत टोप सैनिकांच्या डोक्यावर दिसले.

भारतात काश्मीरमधल्या कारवायांत ‘बुलेटप्रूफ पटका’ बराच काळ चालला. कपाळ आणि डोक्याच्या मागच्या बाजूला धातूच्या पाट्या, माथा उघडा, वजन अडीच किलोच्या वर. रायफलची गोळी हाच मुख्य धोका मानल्यावर टोपाचे रूप असे होते: श्वेर्डच्या पाटीचाच दूरचा नातेवाईक. कानपूरच्या एमकेयू कंपनीकडून सुमारे १.५८ लाख संमिश्र टोप घेण्याचा करार झाल्यावर लष्करात बदल सुरू झाला. शीख सैनिकांनी दोन्ही महायुद्धांत पगडी सोडून पोलादी टोप घालायला नकार दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्यासाठी १२,७३० खास टोपांची खरेदी निघाली, तेव्हा शिखांचे सर्वोच्च धर्मपीठ अकाल तख्त आणि गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने हरकत घेतली. या टोपाच्या माथ्यावर केसांच्या जुड्यासाठी फुगीर जागा ठेवलेली असते.