'एडिट' फॉर्म आणि हरवणारे बदल: थोडी पार्श्वभूमी

डेटाबेसमधली जुनी नोंद बदलणं ही काही वेबने आणलेली सोय नाही. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (माहिती ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत ठेवायची पद्धत) मांडलं, त्यातून पुढे एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा आली, १९८६ मध्ये अमेरिकेत तिचं मानकही ठरलं. कुठल्या ओळीतला कुठला रकाना बदलायचा, हे तिच्या 'अपडेट' विधानात नेमकं सांगता येतं. घोळ होतो तो त्याआधी, फॉर्म उघडणं आणि 'सेव्ह' दाबणं यांच्या मधल्या वेळात.

आयबीएमचं ३२७० टर्मिनल (मोठ्या संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड) १९७१ चं. त्यावरही पडद्यावर फॉर्म यायचा, भरून झाला की एकदम पाठवला जायचा. पण कुठल्या रकान्याला हात लागला याची खूण टर्मिनल स्वतः ठेवायचं आणि सहसा तेवढेच रकाने परत जायचे. वेबच्या फॉर्ममध्ये (वेबपानं लिहायची भाषा एचटीएमएल, आवृत्ती २.०, नोव्हेंबर १९९५) हे शहाणपण आलंच नाही. ब्राउझर बदललेलं-न बदललेलं सगळं पाठवतो. उलट टिक काढलेला चेकबॉक्स मात्र पाठवतच नाही! त्यामुळे 'टिक काढली' आणि 'हा रकाना फॉर्मवर नव्हताच' यातला फरक सर्व्हरला आपणहून कळत नाही.

याचा परिणाम असा: एकच नोंद दोघांनी उघडली. पहिल्याने फोन नंबर बदलून सेव्ह केलं. दुसऱ्याने फक्त पत्ता बदलला, पण त्याच्या फॉर्मसोबत जुना नंबरही गेला आणि नव्यावर बसला. एरर नाही, काही नाही.

मग फॉर्म उघडताच नोंदीला लॉक (दुसऱ्याला ती बदलता येऊ नये असं कुलूप) का लावू नये? कारण एचटीटीपीला (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्याला) आधीच्या विनंतीची आठवण नसते, आणि समोरचा माणूस टॅब बंद करून निघून गेला तर लॉक कोण सोडवणार? इथे कामी आली कुंग आणि रॉबिन्सन या संशोधकांची १९८१ ची मांडणी: आधी अडवू नका, लिहिताना तपासा. नोंदीत दर सेव्हला एकने वाढणारा आवृत्तीचा रकाना ठेवायचा, फॉर्ममध्ये तो आकडा (समजा ७) लपवून पाठवायचा आणि 'अपडेट'च्या 'व्हेअर'मध्ये (कुठली ओळ बदलायची ते सांगणाऱ्या भागात) आयडीबरोबर 'आवृत्ती = ७' ही अट घालायची. मधल्या काळात कुणी सेव्ह केलं असेल तर आवृत्ती ८ झालेली असते, अपडेट शून्य ओळींना लागतो. तो शून्य पाहून वापरणाऱ्याला ताजी नोंद दाखवायची. रेल्स, हायबरनेट या प्रोग्रॅमर वापरतात त्या साधनांत ही सोय तयार मिळते, पण आपण सांगितल्याशिवाय ती चालू होत नाही.

अर्धवट बदलासाठी एचटीटीपीत 'पॅच' ही पद्धत २०१० मध्ये आली खरी. पण साधा एचटीएमएल फॉर्म अजूनही सर्व्हरशी 'गेट' आणि 'पोस्ट' या दोनच पद्धतींनी बोलतो.