‘ईझ-इन’ म्हणजे नेमकं कुठे मंद?

हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये इझिंगचा, म्हणजे हालचाल कुठे मंद आणि कुठे वेगवान ठेवायची याचा, सगळा हिशोब कागदाच्या कडेला असे. मुख्य चित्रं काढणारा तिथे एक रेघ ओढून तिच्यावर खुणा करी आणि मधली चित्रं त्या खुणांप्रमाणे भरली जात. खुणा दाट, तिथे हालचाल मंद. विरळ, तिथे वेगवान. सेकंदाला २४ फ्रेम, पुष्कळदा एकच चित्र दोन फ्रेमना. १९८१ साली छापलेल्या ॲनिमेशनच्या बारा तत्त्वांमुळे याचं ‘स्लो इन, स्लो आउट’ हे नाव सर्वदूर गेलं. १९८७ च्या एका शोधनिबंधाने ती तत्त्वं संगणकीय त्रिमितीय ॲनिमेशनला लावून दाखवली.

घोळ या नावातच आहे. चित्रकाराचं लक्ष मुख्य चित्रावर. त्याचं ‘स्लो इन’ म्हणजे त्या चित्रात शिरताना मंदावणं, ‘स्लो आउट’ म्हणजे त्यातून हळूच निघणं. सीएसएस या वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या भाषेतलं ईझ-इन याच्या बरोबर उलट: सुरुवात मंद, शेवट भरधाव. कोड लिहिणाऱ्यासमोर दोन स्थितींमधला प्रवास असतो आणि ‘इन’ हे त्या प्रवासाचं तोंड. फ्लॅश या जुन्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्येही हाच अर्थ होता. तिथे इझिंगचा आकडा उणे १०० म्हणजे पूर्ण ईझ-इन. व्हिडिओच्या मोशन ग्राफिक्समध्ये मात्र कीफ्रेमला, म्हणजे हालचालीतल्या मुख्य फ्रेमला, ‘ईझ इन’ दिलं की हालचाल आजही तिथे पोचताना मंदावते. मग डिझायनर सांगतो ‘ईझ-इन’, डेव्हलपर तसंच लिहितो, आणि मेनू आधी रेंगाळतो, मग धाडकन थांबतो. चूक दोघांचीही नसते. मला जुना अर्थच पटतो, कारण बघणाऱ्याची नजर शेवटी चित्रावरच टेकते. पण रूढ झालेलं आता बदलणार नाही. कामात सरळ ‘मंद सुरुवात’, ‘मंद शेवट’ म्हणावं.

वेळेनुसार अंतर कसं बदलतं हे दाखवायला सीएसएसने ‘बेझिए’ नावाचा वक्र घेतला, १९६० च्या दशकात मोटारींच्या बॉडीचे आकार आखताना पुढे आलेला. काहीच सांगितलं नाही तर ट्रान्झिशनला, म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाण्याला, ०.२५, ०.१, ०.२५, १ हा वक्र मिळतो. यातले पहिला आणि तिसरा हे काळाचे आकडे ० ते १ मध्येच राहतात, कारण वेळ मागे जात नाही. दुसरा आणि चौथा हे अंतराचे आकडे बाहेर जाऊ शकतात, म्हणून वस्तू मुक्कामापुढे जाऊन परत येते. चेंडूसारख्या लागोपाठ उसळ्या मात्र अशा एका वक्रात बसत नाहीत. त्यासाठी २०२३ अखेर सर्व प्रमुख ब्राउझरांत नवं फंक्शन आलं. ते अनेक बिंदू सरळ रेघांनी जोडतं, म्हणून त्याचं नाव ‘लिनिअर’. एकसमान वेगालाही सीएसएसमध्ये हाच शब्द आधीपासून आहे.