एक्स-रेच्या आधीचा गुडघा

"गॅप कमी झालाय." आपल्याकडे गुडघ्याचा संधिवात बहुतेक वेळा या तीन शब्दांत घरात येतो. दवाखान्यातून परतलेली बाई एक्स-रेचा मोठा लिफाफा कपाटावर टाकते आणि दिवसभर विचारणाऱ्या प्रत्येकाला तेवढंच सांगते. ऐकणारेही मान डोलावतात, कारण त्यांच्याही घरी कुणाचा तरी गॅप कमी झालेला असतो.

हा गॅप म्हणजे दोन हाडांमधली रिकामी जागा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिथे रिकामं काही नसतं. मांडीचं हाड आणि नडगी जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा, गुळगुळीत थर असतो. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून फोटोत तिच्या जागी काळी पट्टी दिसते. कूर्चा झिजली की हाडं जवळ येतात आणि पट्टी अरुंद होते. थोडक्यात, जी वस्तू बिघडली ती फोटोत कधी दिसतच नाही. ती गेल्याचा पुरावा तेवढा दिसतो. पुरावा दिसेपर्यंत बरीच वर्षं गेलेली असतात. गुडघ्याचा संधिवात लवकर ओळखायचा म्हणजे काय, या प्रश्नाची सगळी गुंतागुंत या काळ्या पट्टीत आहे.

फोटो नव्हता तेव्हा गुडघा हाताने आणि दुखणेकऱ्याच्या तोंडून ओळखला जाई. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात संधिगत वाताची लक्षणं फार थोडक्यात दिली आहेत. सांध्याला सूज येते, ती हाताला वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखी लागते, आणि सांधा पसरताना-आखडताना दुखतो. मूळ शब्द 'वातपूर्णदृतिस्पर्श' असा आहे. दृति म्हणजे चामड्याची पिशवी, आपल्या पखालीची पूर्वज म्हणा. मला यातला 'स्पर्श' महत्त्वाचा वाटतो: लिहिणाऱ्याने गुडघा दाबून पाहिलेला आहे. आजही गुडघ्यात पाणी झालंय का हे बघताना डॉक्टर वाटीच्या वरचा भाग एका हाताने दाबून दुसऱ्या हाताची बोटं वाटीवर टेकवतात, ती जवळजवळ तीच क्रिया. सुश्रुताने गुडघ्याच्या एका मोठ्या, फार दुखणाऱ्या सुजेला क्रोष्टुकशीर्ष म्हटलं, म्हणजे कोल्ह्याचं डोकं. खाली-वर पाय बारीक आणि मध्ये गुडघा टम्म, असा पाय ज्याने पाहिलाय त्याला ही उपमा लगेच पटेल.

या नावांची आजच्या रोगनावांशी एकास एक जुळणी करण्याचा खटाटोप मला पटत नाही. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. पुढे माधवनिदानात, जो ग्रंथच मुळी निदानाचा आहे, आमवाताला, म्हणजे अनेक सांधे सुजवणाऱ्या वेगळ्या आजाराला, स्वतंत्र प्रकरण मिळालं. म्हणजे शास्त्राने संधिगत वात आणि आमवात वेगळे काढले होते. बोलीने ते पुन्हा एका गाठोड्यात बांधले. 'वात धरला', 'वात आलाय' म्हटलं की त्यात झिजलेला गुडघाही येतो, बोटांचे लहान सांधे सुजवणारा आजारही येतो आणि नुसती कंबरदुखीही येते.

युरोपातही हेच झालं होतं. तिथे सांधा दुखला की गाउट (युरिक आम्ल साठून होणारी सांधेदुखी) किंवा र्‍हुमॅटिझम, यापलीकडे शब्द नव्हते. आणि र्‍हुमॅटिझमच्या मुळाशी तरी काय, तर अंगात काहीतरी वाहतंय ही कल्पना. ही गाठ सुटायला फार वेळ लागला. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबरडेन यांचं लिखाण त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ साली छापून आलं. बोटांच्या शेवटच्या पेरांवर येणाऱ्या टणक गाठींचा गाउटशी संबंध नाही, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. त्या गाठी आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात, आणि गुडघे दुखतात म्हणून आलेल्या पन्नाशीच्या बाईची बोटं डॉक्टर न सांगता निरखतात ते त्यासाठीच. १८५९ मध्ये आल्फ्रेड गॅरॉड यांनी 'र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव रूढ केलं; आज मराठीत ज्याला आमवात म्हणतात तो हा आजार. झिजेचा संधिवात त्यापासून पुरता वेगळा व्हायला विसावं शतक उजाडलं.

कूर्चेकडे मात्र एका माणसाचं लक्ष फार आधी गेलं होतं. शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ साली रॉयल सोसायटीसमोर सांध्यांच्या कूर्चेवर निबंध ठेवला. कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही, असं त्यात आहे. याला आपण आज एक जोड देऊ शकतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती नीट भरून येत नाही. आणि तिच्यात मज्जातंतूही नाहीत, म्हणून ती झिजताना स्वतः दुखत नाही. दुखतं ते सांध्याचं अस्तर, भोवतालचं आवरण आणि खालचं हाड. म्हणून पहिली कुरकुर बारीक आणि अधूनमधून येणारी असते, आणि 'काल जास्त चालणं झालं' म्हणून सोडून देता येते.

१८९५ च्या नोव्हेंबरात राँटजेन यांना क्ष-किरण सापडले आणि डॉक्टरांच्या बोटांवरचा विश्वास हळूहळू फोटोकडे गेला. गुडघ्याच्या बाबतीत निर्णायक वर्ष १९५७. मँचेस्टरचे जोनास केलग्रेन आणि त्यांचे सहकारी जॉन लॉरेन्स हे लँकेशायरच्या कोळसा खाणींच्या मुलखात काम करत होते. खाणकामगारांचे गुडघे हा त्यांच्या अभ्यासाचा जुना विषय. बुटक्या बोगद्यात गुडघ्यांवर रांगत कोळसा फोडणाऱ्यांचे गुडघे टेबलावर बसणाऱ्यांपेक्षा वेगळे दिसतात का, हा त्यांचा प्रश्न होता. वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकच फोटो बघून एकच उत्तर द्यावं म्हणून त्यांनी शून्य ते चार अशी श्रेणी बांधली. शून्य म्हणजे निरोगी, चार म्हणजे पट्टी जवळपास नाहीशी. दुसऱ्या श्रेणीपासून आजार आहे असं धरायचं, आणि दुसरीची खूण होती हाडाच्या कडेला नक्की दिसणारा काटा. आज रिपोर्टवर 'ग्रेड टू', 'ग्रेड थ्री' लिहून येतं ते हेच. गावोगावच्या लोकांची मोजदाद करायला केलेली ही श्रेणी पुढे एकेका रुग्णाच्या फाइलमध्ये जाऊन बसली.

तिच्यातली एक अडचण स्वीडनच्या स्वेन आलबेक यांनी १९६८ मध्ये दाखवली. आडवं झोपवून काढलेल्या फोटोत पट्टी रुंद दिसते, कारण गुडघ्यावर वजनच नसतं. उभं करून काढला की खरी पट्टी दिसते. गोष्ट साधी आहे, पण अजूनही कुणी झोपवून फोटो काढला तर 'उभं राहून काढायचा ना?' असं विचारायला हरकत नाही.

मोठी अडचण वेगळी होती. फोटो आणि दुखणं यांचं जमत नव्हतं. कुणाच्या फोटोत काटे आहेत आणि तो मजेत गड चढतोय. कुणाचा फोटो स्वच्छ आणि रात्री उशी गुडघ्याखाली घेतल्याशिवाय झोप नाही. एमआरआय आल्यावर सुटका होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या ७१० जणांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एक्स-रेत संधिवाताची खूण नसलेले गुडघेच यासाठी निवडले होते. त्यातल्या ८९ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये काही ना काही बिघाड सापडला, दुखणाऱ्यांत आणि न दुखणाऱ्यांतही. एवढं सगळं दिसणाऱ्या यंत्राने सांगितलं काय, तर वय झालं!

म्हणून उत्तर पुन्हा माणसाच्या बोलण्यात शोधलं जाऊ लागलं. याची सुरुवात १९८६ मध्येच झाली होती. रॉय ऑल्टमन आणि अमेरिकेतल्या इतर संधिवाततज्ज्ञांनी त्या वर्षी जे निकष मांडले, त्यांच्या एका आवृत्तीत फोटो लागतच नाही. गुडघा दुखतोय, आणि सहापैकी तीन गोष्टी आहेत, एवढं पुरे: वय पन्नाशीच्या पुढे, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जाणारा, हलवताना हाताखाली करकर, हाडावर दाबलं की दुखणं, हाड जाड लागणं, आणि गुडघा हाताला गरम न लागणं. शेवटची अट मला फार आवडते, कारण ती नसण्याची खूण आहे. गुडघा गरम लागतोय, सकाळी तास-दीड तास आखडलेला राहतोय, हाताची बोटंही सुजतायत, तर ते झिजेचं दुखणं नसून आमवाताकडचं असू शकतं आणि त्याची औषधं पार निराळी. गरम सुजलेल्या गुडघ्याबरोबर ताप असेल तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आता ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनातही पंचेचाळिशीच्या पुढे, हालचालीने दुखणारा आणि सकाळी फार वेळ न आखडणारा गुडघा असेल तर फोटोशिवाय निदान करावं, असंच आहे.

मग सगळ्यात आधी दुखतं कधी? अमेरिकेत ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ जणांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा मोठा प्रकल्प झाला. त्यातली उत्तरं लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रमाने लावली. पहिली तक्रार जिन्याची निघाली. मग चालण्याची, मग उभं राहण्याची, मग बसल्या-पडल्या दुखण्याची, आणि शेवटी रात्री अंथरुणातली. जिन्यावर गुडघा वाकलेला असताना वजन पेलतो आणि वाटीमागच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, त्यामुळे हे उघडच आहे म्हणा. कठड्याला हात जायला लागतो, उतरताना तोच पाय दर वेळी आधी खाली जातो. नाटकाच्या मध्यंतरात खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं लाकडासारखी पडतात आणि दाराशी पोचेपर्यंत मोकळी होतात, तेही याच घरातलं लक्षण. कटकट आवाजाचं मात्र थोडं वेगळं. बोस्टनच्या ब्लॉजेट यांनी १९०२ मध्येच गुडघ्याला स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकले होते. वेदना नसलेला नुसता आवाज घाबरण्यासारखा नाही. पण त्याच अमेरिकन प्रकल्पातल्या ३,४९५ लोकांवरून २०१८ मध्ये दिसलं की ज्यांचे गुडघे वरचेवर वाजतात त्यांना पुढच्या चार वर्षांत दुखरा संधिवात होण्याची शक्यता जास्त.

इथे आपल्या घरांकडे वळायला हवं, कारण जिन्याचा क्रम जिथे निघाला तिथे लोक जमिनीवर बसत नाहीत. गुडघ्याच्या त्रासाची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली, वोमॅक, १९८० च्या दशकात कॅनडात तयार झाली. चोवीस प्रश्न आहेत. मोजे घालताना त्रास होतो का? गाडीत बसताना-उतरताना? बाथटबमध्ये उतरताना? बारामतीच्या किंवा बार्शीच्या बाईला बाथटबचा प्रश्न विचारून काय कळणार! तिचा गुडघा आधी विळीवर बोलतो. भाजी चिरून झाल्यावर उठताना एक हात जमिनीला आणि दुसरा गुडघ्यावर टेकतो. पूजेला बसल्यावर मांडी मोडून एक पाय पुढे पसरावा लागतो. उकिडवं बसल्यावर टाच आणि मांडी यांच्यात अंतर राहतं. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साठ-सत्तर अंशांच्या पलीकडे क्वचितच वाकतो. मांडी घालायला आणि उकिडवं बसायला तो जवळजवळ पूर्ण मिटावा लागतो. त्यामुळे शेवटचे काही अंश गेले की जमिनीवर बसणाऱ्याला ते लगेच कळतं, खुर्चीवर बसणाऱ्याला कळायला उशीर होतो.

या गोष्टीचा आपल्याकडचा धागा पुण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या उपक्रमाखाली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची मोजणी केली. उजनीच्या फुगवट्यावरचं, फ्लेमिंगो बघायला लोक जातात ते भिगवण. गावातल्याच स्वयंसेवकांनी दारात बसून माणसाच्या आकृतीवर दुखऱ्या जागा नोंदवल्या. चार हजारांवर प्रौढांत सुमारे १८ टक्क्यांना काही ना काही दुखणं होतं. त्यात झिजेचा संधिवात ५.८ टक्के आणि र्‍हुमॅटॉइड जेमतेम अर्धा टक्का. ज्याला सगळे सरसकट 'वात' म्हणतात त्यातला मोठा वाटा कुणाचा, हे मराठी मुलखात आकड्यांनी दिसलं. चोप्रांच्या पुण्यातल्या केंद्राने पुढे वोमॅकमध्ये मांडी घालणं, उकिडवं बसणं असल्या भारतीय सवयी बसवल्या.

भिगवणच्या मोजणीनंतर चार वर्षांनी गुडघा थेट पहिल्या पानावर आला. पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला गेला. शस्त्रक्रियेसाठी न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. घराघरांत 'नी रिप्लेसमेंट' हा शब्द त्या बातम्यांनी पोचवला. शस्त्रक्रियेची भीती त्याने कमी झाली असेल, पण गुडघ्याबद्दलचं सगळं बोलणंही आजाराच्या शेवटच्या टोकाकडे सरकलं. सुरुवातीला काय करता येतं त्याला बातमीमूल्य नाही. फ्रॅमिंगहॅमच्या बायकांमध्ये दहा वर्षांत पाचएक किलो वजन उतरलेल्यांना दुखऱ्या गुडघ्याचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचं १९९२ मध्येच दिसलं होतं. त्यावर मथळा कोण देणार.

दरम्यान जमीनच घरातून चाललीय. कार्यालयात पंगतीच्या शेजारी 'ज्यांना खाली बसता येत नाही' त्यांच्यासाठी एक टेबल असायचं. आता सगळी टेबलंच असतात. विळी गेली, ओट्यावर सुरी आली. कमोड आला, आणि ज्याचे गुडघे खरंच गेलेत त्याला त्याने मोठा आराम दिला, याबद्दल वाद नाही. पण पुण्यातल्या प्रश्नावलीतला उकिडवं बसण्याचा प्रश्न शहरातल्या पन्नाशीच्या माणसाला विचारला, तर तो क्षणभर थांबतो. जमतं की नाही हे त्याला सांगता येत नाही. दहा वर्षांत तो बसलेलाच नसतो.