पिकअपचा चॅसिस नंबर: कुठे शोधायचा, कसा वाचायचा, कशाशी जुळवायचा

अमेरिकेत १९८१ च्या मॉडेल वर्षापासून विकल्या गेलेल्या प्रत्येक पिकअपला अंक आणि अक्षरे मिळून सतरा चिन्हांचा ओळख क्रमांक असतो. व्हेइकल आयडेंटिफिकेशन नंबर, थोडक्यात व्हीआयएन, किंवा रोजच्या बोलण्यातला चॅसिस नंबर. गाडी कोणी बनवली, कोणत्या कारखान्यात जुळवली, मॉडेल वर्ष कोणते, इंजिन कोणते, कॅब कशी, वजनाचा वर्ग कोणता, एवढे त्यातून कळते. पण तो गाडीवर एकाच ठिकाणी नसतो. त्याची खरी ताकद या सगळ्या ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी आणि समोरच्या गाडीशी ताडून पाहण्यात आहे. एकाच पट्टीवरून नंबर उतरवून घेणाऱ्याचे निम्मे काम बाकीच असते.

सुरुवात पुढच्या काचेपासून करावी. अमेरिकन नियमानुसार ४,५३६ किलो म्हणजे १०,००० पौंडांपर्यंत एकूण वजनमर्यादा असलेल्या ट्रकमध्ये हा क्रमांक काचेच्या डाव्या खांबाजवळ बाहेर उभे राहून, गाडीचा कोणताही भाग न हलवता वाचता आला पाहिजे. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असते, त्यामुळे ही पट्टी चालकाच्या बाजूला डॅशबोर्डवर दिसते. अक्षरांची उंची किमान ४ मिलिमीटर. काचेवर चकाकी येत असेल तर हाताची सावली धरावी आणि फोटो तिरका काढावा. पट्टी रिव्हेटने बसवलेली असेल तर रिव्हेटकडेही नीट बघावे. अनेक अमेरिकन गाड्यांत ते फुलाच्या पाकळ्यांसारख्या आकाराचे असतात. त्यांच्या जागी साधे गोल पॉप रिव्हेट दिसले, पट्टीच्या कडा वाकलेल्या असल्या किंवा आजूबाजूला गोंद ओघळलेला असला, तर पट्टी कधीतरी निघाली होती असे समजून पुढची तपासणी दुप्पट काळजीने करावी.

दुसरी जागा चालकाच्या दारापाशी. दार उघडले की कुलूप अडकते त्या खांबावर, बिजागरीच्या खांबावर किंवा दाराच्याच कडेवर एक लेबल असते. त्यावर उत्पादकाचे नाव, गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष, गाडीची एकूण वजनमर्यादा, प्रत्येक अ‍ॅक्सलची वजनमर्यादा आणि हाच क्रमांक छापलेला असतो. काढायला गेल्यास फाटेल किंवा खराब होईल असेच हे लेबल असावे लागते. ते अख्खे सोलून दुसरीकडे चिकटवलेले वाटले तर ती धोक्याची खूण आहे.

तिसरी जागा सर्वांत मोलाची, आणि लोक नेमकी तीच टाळतात, कारण तिथे पोहोचायला चिखलात वाकावे लागते. पिकअपची कॅब वेगळी आणि खालची पोलादी फ्रेम वेगळी असते. डॅशबोर्डवरची पट्टी कॅबची असते, फ्रेमवरचा ठसा फ्रेमचा. अपघातानंतर दुसऱ्या गाडीची कॅब आणून बसवली असेल तर ते इथेच उघडकीला येते. फोर्डच्या एफ मालिकेत ठसा सहसा प्रवाशाच्या बाजूच्या रेलवर, म्हणजे फ्रेमच्या लांब पोलादी तुळईवर, गाडीच्या पुढच्या भागात सापडतो. इतर कंपन्यांच्या गाड्यांत दोन्ही रेल पुढून मागे तपासाव्यात: बाहेरची बाजू, वरची बाजू, चाकाच्या कमानीआड.

ठसा गंजाखाली असेल तर आधी तेल-ग्रीस काढणारे डिग्रीझर, मग हाताने तारेचा ब्रश, तोही हलक्या हाताने. अँगल ग्राइंडर अजिबात नको. ठशाची खोली फार थोडी असते. ग्राइंडरने गंजासोबत अंकही जातात, आणि मग प्रामाणिक मालकाची गाडीही छेडछाड केलेली दिसते. अमेरिकेत चोरी लपवण्यासाठी जाणूनबुजून हा क्रमांक काढणे किंवा बदलणे हा संघराज्य पातळीवरचा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जागा स्वच्छ झाली की टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे खोलगट भागात सावल्या पडून अंक उठून दिसतात. तरीही लागत नसतील तर खडू घासून वरचा थर पुसावा, किंवा पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरवावी.

घासून टाकलेला ठसाही बहुधा पूर्ण जात नाही, आणि यामागचे धातुशास्त्र सुंदर आहे. ठसा मारताना अंकाच्या तळाखालचे पोलादही दाबले जाते आणि त्याची स्फटिकरचना विस्कटते. वरचा थर घासून सपाट केला तरी खालचा हा विस्कटलेला भाग तसाच राहतो. न्यायवैद्यक तज्ज्ञ ती जागा आरशासारखी घासून त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असलेले फ्राय द्रावण फिरवतात. दाबलेला भाग आणि न दाबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने खाल्ला जातो, आणि गेलेला अंक पुन्हा दिसू लागतो. घासणाऱ्याने खूप खोलवर धातू काढला असेल तर मात्र हा उपाय हरतो.

याखेरीज अनेक इंजिनांवर आणि गिअरबॉक्सवर क्रमांकाचा संक्षिप्त भाग ठोकलेला असतो. त्यात बहुधा वर्षाचे चिन्ह, कारखान्याचे चिन्ह आणि शेवटचे सहा आकडे असतात. गाडीच्या संगणकाशी जोडणी करण्याच्या सॉकेटला, म्हणजे ओबीडी पोर्टला, स्कॅनर जोडला तर संगणकात साठवलेला क्रमांकही वाचता येतो. मात्र भंगारातून आणलेला संगणक बसवला असेल तर तो मूळ गाडीचाच क्रमांक सांगत राहतो. अशा विसंगतीला लगेच चोरी समजू नये, पण विक्रेत्याकडून त्याचा खुलासा आणि जमल्यास पावती घ्यावी.

आता वाचनाकडे. क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. यापैकी एखादे दिसले असे वाटले तर तो वाचनातला दोष समजावा. उदाहरणासाठी हा क्रमांक घेऊ: १-एफ-टी-एफ-डब्ल्यू-१-ई-टी-७-डी-एफ-००००००. शेवटचे सहा आकडे मुद्दाम शून्य ठेवले आहेत, म्हणजे कोणाची खरी गाडी यात येणार नाही.

पहिली तीन चिन्हे उत्पादकाची. पहिल्या जागी १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेत बनलेली, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको. १-एफ-टी म्हणजे अमेरिकेत बनलेला फोर्ड ट्रक, १-जी-सी म्हणजे शेव्हरोले, १-जी-टी म्हणजे जीएमसी. टोयोटाच्या टुंड्रावर ५-टी-एफ दिसते. गाडीवरचे नाव अस्सल अमेरिकन असले तरी नंबर ३ ने सुरू होऊ शकतो, कारण जनरल मोटर्स आणि रॅम दोघांचेही पिकअप मेक्सिकोतही बनतात.

तिसऱ्या अक्षरावर जरा थांबावे. फोर्डमध्ये १-एफ-डी आले तर गाडी कारखान्यातून मागच्या हौद्याविना, नुसती कॅब आणि चॅसिस म्हणून निघाली आहे. अशा गाडीवर आज पिकअपचा हौदा दिसत असेल तर तो नंतर बसवलेला आहे. कॅब-चॅसिस गाडीची फ्रेम कॅबच्या मागे सरळ आणि समांतर असते, त्यामुळे कारखान्याचा हौदा तिच्यावर जसाच्या तसा बसत नाही. जोडपट्ट्या आणि वेल्डिंग कसे केले आहे ते खाली वाकून पाहावे.

चौथ्या ते आठव्या जागेत गाडीचे वर्णन असते. इथला अर्थ प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. आपल्या उदाहरणात चौथ्या जागी ब्रेक आणि वजनाचा वर्ग आहे. डब्ल्यू-१-ई म्हणजे चार दारांची क्रू कॅब असलेली, चारही चाकांना ताकद देणारी एफ-१५०. हीच गाडी दोन चाकांच्या ड्राइव्हची असती तर डब्ल्यू-१-सी आले असते. आठवी जागा इंजिनाची, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. २०११ ते २०१४ च्या एफ-१५० मध्ये टी म्हणजे ३.५ लिटरचे इकोबूस्ट पेट्रोल इंजिन. त्याच काळातल्या फोर्डच्याच जड सुपर ड्यूटी ट्रकमध्ये तेच टी म्हणजे ६.७ लिटरचे पॉवर स्ट्रोक डिझेल. म्हणून केवळ आठवे अक्षर सांगून सुटे भाग मागवू नयेत. पूर्ण क्रमांकच द्यावा.

नववे चिन्ह गाडीबद्दल काहीच सांगत नाही. ते बाकीच्या सोळा चिन्हांवर पहारा देते. प्रत्येक अक्षराला एक किंमत आहे: ए ते एच ला १ ते ८, जे ते एन ला १ ते ५, पी ला ७, आर ला ९, आणि एस ते झेड ला २ ते ९. ही मांडणी विचित्र वाटते, पण जुन्या आयबीएम संगणकांच्या ईबीसीडीआयसी संकेतात अक्षरांचे गट असेच पाडलेले आहेत. अंकांची किंमत तो अंकच. मग प्रत्येक जागेच्या ठरलेल्या भाराने गुणायचे. डावीकडून हे भार असे: ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २. नवव्या जागेचा भार शून्य, कारण ती स्वतःला मोजत नाही.

आपल्या क्रमांकाचे गुणाकार क्रमाने येतात ८, ४२, १८, ३०, २४, ३, १०, ३०, ०, ३६, ४८, आणि पुढची सगळी शून्ये. बेरीज २४९. तिला ११ ने भागले की बाकी ७ उरते, आणि नवव्या जागी ७ आहे. हिशेब जुळला. बाकी १० उरली तर तिथे एक्स लिहितात.

भागायला ११ घेतले आहेत ते विचारपूर्वक. ११ ही मूळ संख्या आहे आणि मोजल्या जाणाऱ्या जागांचे सगळे भार तिच्याहून लहान आहेत. त्यामुळे वेगळ्या किमतीचे एक चिन्ह चुकीचे लिहिले की बाकी बदलतेच. बी आणि ८, एस आणि ५, झेड आणि २, जी आणि ६, या नेहमी गोंधळ करणाऱ्या जोड्यांच्या किमती वेगवेगळ्या आहेत, म्हणजे गंजलेल्या ठशावरची ठरावीक चूक हमखास पकडली जाते. शेजारची दोन चिन्हे अदलाबदल झाली तर तीही पकडली जाते, त्यांच्या किमती वेगळ्या असतील तर; अपवाद आठव्या आणि नवव्या जागेचा, तिथे दोन्ही अंक असतील तर अदलाबदल निसटते. समान किमतीच्या चिन्हांमधल्या चुकाही निसटतात, जसे एफ ऐवजी डब्ल्यू. आणि सराईत लबाडी तर यातून पकडली जात नाही. दुसऱ्या गाडीचा खरा क्रमांक उचलून चोरीच्या गाडीवर लावला तर हिशेब अचूकच येणार. तिथे फ्रेमवरचा ठसाच कामाला येतो.

हा पडताळणी अंक उत्तर अमेरिकेत सक्तीचा आहे, युरोपात नाही. युरोपात विकलेल्या फोक्सवॅगन अमारोक या पिकअपच्या क्रमांकात मधल्या रिकाम्या जागा झेडने भरलेल्या असतात, नववी जागाही तशीच. तिथे हे गणित जुळले नाही म्हणून क्रमांक खोटा ठरत नाही.

दहावे चिन्ह मॉडेल वर्षाचे. यात आय, ओ, क्यू यांच्यासोबत यू, झेड आणि शून्यही वगळलेले आहेत, म्हणून उरतात तीस चिन्हे आणि दर तीस वर्षांनी चक्र फिरते. १९८० ला ए, २००० ला वाय, २००१ ते २००९ ला १ ते ९, आणि २०१० ला पुन्हा ए. म्हणजे डी हे १९८३ ही आणि २०१३ ही. निवाडा सातव्या जागेवरून होतो: तिथे अंक असेल तर २००९ पर्यंतची गाडी, अक्षर असेल तर २०१० नंतरची. २००५ ची चार चाकांच्या ड्राइव्हची क्रू कॅब एफ-१५० डब्ल्यू-१-४ लिहायची. तीच २०१० पासून डब्ल्यू-१-ई लिहू लागली, ती या नियमासाठीच. वजनमर्यादा ४,५३६ किलोंच्या वर असलेल्या जड पिकअपना हा नियम लागू नाही. तिथे दारावरच्या लेबलातला महिना आणि वर्ष पाहावे. शिवाय मॉडेल वर्ष आणि उत्पादनाचे वर्ष एकच असेल असे नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये बनलेली गाडी २०१३ ची असू शकते.

अकरावे चिन्ह कारखान्याचे. फोर्डमध्ये एफ म्हणजे डिअरबॉर्न, के म्हणजे कॅन्सस सिटी, ई म्हणजे लुइव्हिलचा केंटकी ट्रक प्लांट. शेवटची सहा चिन्हे अनुक्रमांक.

क्रमांकात जे नसते त्याचीही माहिती हवी. रंग, गिअरबॉक्सचा नेमका प्रकार आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर त्यात शोधू नये. फोर्डमध्ये अ‍ॅक्सलचा संकेत दारावरच्या लेबलात असतो. एफ-१५० मध्ये १९ म्हणजे साधा ३.५५, एल-९ म्हणजे इलेक्ट्रॉनिक लॉकसह ३.५५. जनरल मोटर्सच्या अनेक वर्षांच्या पिकअपमध्ये डॅशबोर्डमधल्या ग्लव्हबॉक्सच्या कप्प्यात तीन चिन्हांच्या संकेतांचे लेबल सापडते. त्यात जीटी४ म्हणजे ३.७३ गुणोत्तर, जी८० म्हणजे लॉक होणारा डिफरन्शियल.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचे, म्हणजे एनएचटीएसएचे, डीकोडर मोफत आहे. न लागलेल्या चिन्हाच्या जागी तारांकन टाकूनही त्यात शोधता येते. त्याच संस्थेकडे क्रमांकावरून न दुरुस्त झालेले रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावल्याच्या नोंदीही कळतात. चोरीची आणि सॅल्व्हेजची, म्हणजे विम्यात गाडी निकामी ठरल्याची, नोंद राष्ट्रीय विमा गुन्हे ब्युरोच्या मोफत तपासणीत पाहावी.

१९८१ च्या आधीच्या पिकअपना क्रमांक वाचण्याचे हे नियम लागू नाहीत. १९६७ ते १९७९ च्या फोर्ड ट्रकचा क्रमांक अकरा चिन्हांचा आहे आणि त्यात पडताळणी अंक नाही. पहिली तीन चिन्हे मालिका सांगतात: एफ-१-० म्हणजे दोन चाकांच्या ड्राइव्हची एफ-१००, एफ-२-६ म्हणजे चार चाकांच्या ड्राइव्हची एफ-२५०. चौथे इंजिनाचे, पाचवे कारखान्याचे, मग अनुक्रमांक. वर्षासाठी वेगळे चिन्हच नाही. ते अनुक्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरावरून काढावे लागते, आणि ते आधी काढावे. कारण इंजिनाचे अक्षरही वर्षागणिक बदलते: एच म्हणजे १९७६ पर्यंत ३९० घनइंचांचे व्ही-८, आणि १९७७ पासून ३५१ चे.